स्वित्झर्लंडांतील उमेदवारी

दहावीचा निकाल लागला म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित घरांत जें बोलणें होतें, त्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. गुण भरपूर पडले असले तर शास्त्रशाखा. त्याहून थोडे कमी असले तर वाणिज्य. आणि फारच कमी असले तर एखादा दूरचा काका दबक्या आवाजांत 'आयटीआय'चें नांव काढतो. तें नांव निघतांच मुलाच्या आईचा चेहरा उतरतो. मुलाचा हात कसबी आहे कीं नाहीं, यंत्र उघडून पाहण्याची त्याला हौस आहे कीं नाहीं, याची चौकशी त्या बैठकींत कोणी करीत नाहीं. धंदेशिक्षण म्हणजे गुणांच्या चाळणींतून खालीं पडलेल्या मुलांची सोय, ही आपली समजूत इतकी पक्की झालेली आहे कीं, एखाद्या संपन्न देशांत याच्या अगदीं उलट प्रकार चालतो असें सांगितलें तर तें खरें वाटूं नये.

असा एक देश आहे. स्वित्झर्लंडांत सक्तीचें शिक्षण संपविणाऱ्या मुलामुलींपैकीं सुमारें दोन-तृतीयांश पंधराव्या-सोळाव्या वर्षीं एखाद्या धंद्याची उमेदवारी पत्करतात. विद्यापीठाकडे नेणाऱ्या 'गिम्नाझियम' नांवाच्या शाळेंतून अंतिम परीक्षा देणारीं मुलें सबंध देशांत एक-पंचमांशाच्या आसपास असतात. उमेदवारी करणारीं तीं सर्व गरिबांचीं किंवा मंदबुद्धीचीं असतात असें मात्र कोणी समजूं नये. बँकेंतील कारकून, घड्याळजी, सुतार, स्वयंपाकी, रुग्णालयांतील शुश्रूषा-साहाय्यक, संगणकावर काम करणारा, ग्रंथालयांतील सेवक, दुधाचें चीज करणारा, असे सुमारें २५० मान्य धंदे आहेत, आणि ते सर्व एकाच कायद्याखालीं शिकविले जातात. त्यांतहि सर्वांत अधिक मुलें निवडतात तो धंदा हातोड्याचा किंवा करवतीचा नसून कचेरींतील व्यापारी कामाचा आहे, हें आमच्या पांढरपेशा वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. 'धंदेशिक्षण' म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें तेलानें माखलेला हात तेवढा उभा राहतो. तिकडे बँकेची खिडकी आणि लोहाराचा भाता हीं दोन्हीं त्या एकाच शब्दांत येतात.

ह्या व्यवस्थेचा आरंभ शाळेंतूनच होतो. मूल तेरा-चौदा वर्षांचें झालें म्हणजे शिक्षक त्याच्याशीं धंद्यांविषयीं बोलूं लागतो. निरनिराळ्या धंद्यांची माहिती देणारीं सरकारी केंद्रें आहेत. तेथें आईबाप मुलांस घेऊन जातात. त्यानंतर एक मोठी गमतीची चाल आहे. तिला जर्मन भाषेंत 'श्नुपरलेर' म्हणतात. त्या शब्दाचा सरळ अर्थ 'हुंगून पाहण्याची उमेदवारी' असा होतो. ज्या मुलाला सुतारकाम आवडेलसें वाटतें तें कांहीं दिवस खऱ्या सुताराच्या कारखान्यांत जाऊन राहतें, पहांटे त्यांच्याबरोबर उठतें, भुसा झाडतें, एखादी फळी रंधून पाहतें. मग तेंच मूल पुढच्या सुटींत एखाद्या पेढीवर किंवा वृद्धांच्या आश्रमांत जातें. चार ठिकाणीं हुंगून झाल्यावर आपणांस काय रुचतें हें त्याला कळतें, आणि हें मूल आपल्या कामाचें आहे कीं नाहीं तें मालकासहि कळतें. आपल्याकडे मुलीचें स्थळ पाहण्यास जितके दिवस खर्चिले जातात, तितके मुलाचा धंदा पाहण्यास कोणी खर्चीत नाहीं, हा विचार येथें आमच्या मनांत आल्याशिवाय राहिला नाहीं.

पुढची पायरी कराराची. उमेदवार, त्याचे पालक आणि मालक यांच्या सह्यांचा लेखी करार होतो, आणि प्रांतिक सरकारनें त्यास मंजुरी दिल्याशिवाय तो पुरा होत नाहीं. स्वित्झर्लंड हें संघराज्य आहे. त्याचे २६ प्रांत असून त्यांस 'कँटन' म्हणतात. मालकाजवळ शिकविण्याची साधनें आहेत कीं नाहींत, शिकविणारा माणूस स्वतः त्या धंद्यांत निष्णात असून त्यानें शिकविण्याच्या कलेचाहि वर्ग पुरा केला आहे कीं नाहीं, हें कँटन पाहतें. पहिले एक ते तीन महिने पारखण्याचे असतात. तेवढ्या अवधींत कोणासहि करार मोडतां येतो. हा करार तेथील दिवाणी कायद्यांत नोकरीच्या कराराचाच एक विशेष प्रकार म्हणून नमूद आहे. म्हणून उमेदवारास पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो. तो लहान असतो, पण दर वर्षीं वाढत जातो. वीस वर्षांखालील उमेदवारास वर्षांत पांच आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानेंच द्यावी लागते. सोळा वर्षांचें मूल पहिला पगार घरीं आणतें, तेव्हां घरांत त्याची जागा थोडी बदलते, हें सांगावयास नको.

आठवड्याची वांटणी कशी असते तें पाहूं. साधारणपणें तीन-चार दिवस उमेदवार कामावर असतो, आणि एक किंवा दोन दिवस धंदेशाळेंत. धंदेशाळा सरकारी खर्चानें चालते. तींत त्या धंद्याचें शास्त्र शिकवितात. विजेच्या कारागिरास विद्युच्छास्त्र आणि गणित, तर स्वयंपाक्यास आहारशास्त्र आणि हिशेब. परंतु तेवढ्यावर तें थांबत नाहीं. भाषा, समाजव्यवहार, कायदा, करार वाचण्याची आणि कर भरण्याची रीति, हे विषयहि प्रत्येकास घ्यावे लागतात, आणि व्यायामहि सक्तीचा असतो. अठराव्या वर्षीं मतदार होणाऱ्या माणसास केवळ रंधा मारतां आला म्हणजे झालें, असें त्या लोकांना वाटत नाहीं.

कारखाना आणि शाळा ह्या दोन जागा झाल्या. ह्यांखेरीज एक तिसरीहि जागा आहे, आणि व्यवस्थेची खरी खुबी आमच्या मतें त्या तिसऱ्या जागेंत आहे. लहान कारखान्यांत सर्व तऱ्हेचें काम येत नाहीं. ज्या सुताराकडे केवळ खिडक्याच होतात त्याचा उमेदवार जिना केव्हां शिकणार? तेव्हां प्रत्येक धंद्याचा संघ सर्व कारखान्यांतील उमेदवारांस अधूनमधून कांहीं दिवस आपल्या सामाईक कर्मशाळेंत बोलावून घेतो आणि मूलभूत कसब तेथें एकसारखें घोटून घेतो. त्यामुळें एखाद्या आडगांवच्या दोन माणसांच्या दुकानांत शिकलेला मुलगाहि झूरिकच्या मोठ्या कारखान्यांत नवखा ठरत नाहीं.

अभ्यासक्रम कोण ठरवितो? येथेंहि धंद्याचे संघच पुढें असतात. आपल्या धंद्यास आज काय आलें पाहिजे, कोणतें यंत्र जुनें झालें, कोणतें नवें आलें, हें ते सांगतात. संघराज्याचें सरकार त्या नियमावलीस मान्यता देऊन ती सबंध देशास लागू करतें. आणि कँटनें शाळा व परीक्षा चालवितात, करारांवर देखरेख ठेवतात. सार्वजनिक खर्चाचा सुमारें चौथा हिस्सा संघराज्य उचलतें, बाकीचा कँटनांवर पडतो. सरकार, प्रांत आणि धंदेवाईक अशी ही त्रिकुटाची जुळणी आहे. शेवटची परीक्षा घेणारे परीक्षकहि त्या धंद्यांतलेच असतात. तीन किंवा चार वर्षांच्या उमेदवारीनंतर संघराज्याच्या नांवानें कौशल्यपत्र मिळतें. ज्यांस अभ्यास जड जातो त्यांच्याकरितां दोन वर्षांची सोपी उमेदवारी आहे, आणि ती पुरी केल्यावर मोठ्या उमेदवारींत शिरण्याची मुभाहि आहे.

ही रचना एका रात्रींत झाली नाहीं. मध्ययुगांतील कारागीरसंघांची जुनी परंपरा तिच्या मुळाशीं आहे. पण ते संघ मोडल्यानंतर एकोणिसाव्या शतकांत, यंत्रांच्या मालापुढें कारागीर हटूं लागला तेव्हां, १८८४ सालीं संघराज्यानें धंदेशिक्षणास प्रथम आर्थिक मदत देऊं केली. सर्व देशाकरितां पहिला कायदा १९३० सालीं झाला. चालू कायदा २००२ सालचा असून तो २००४ पासून अमलांत आहे. पूर्वीं बाहेर राहिलेलीं शेती, आरोग्य आणि समाजसेवा हीं क्षेत्रेंहि त्यानें एका छत्राखालीं आणलीं.

आतां वाचक विचारतील कीं, मालक हा खटाटोप कां करतो? कायदा त्याला सक्ती करीत नाहीं. जो उमेदवार घेत नाहीं त्यास दंड नाहीं. उत्तर असें कीं, पहिल्या वर्षीं उमेदवार खर्चाचा असतो, पण तिसऱ्या-चौथ्या वर्षीं तो जवळजवळ पुऱ्या कारागिराइतकें काम लहान पगारांत करतो. स्विस अर्थशास्त्रज्ञांनीं हा हिशेब पुनःपुन्हा मांडून पाहिला आहे, आणि बहुतेक कारखान्यांचा खर्च उमेदवारी संपेपर्यंत भरून निघतो असें त्यांस आढळलें आहे. म्हणजे हा धर्मादाय नव्हे. उमेदवारास नुसतें झाडू मारावयास लावलें तर मालकाचाच तोटा. त्याला लवकर शिकवून खऱ्या कामास लावण्यांतच त्याचा फायदा. मालकाचा स्वार्थ आणि मुलाचें शिक्षण हीं एका दिशेस वळविण्यांत ज्यांनीं यश मिळविलें, त्यांच्या व्यवहारबुद्धीचें आम्हांस कौतुक वाटतें.

इतकें असलें तरी एवढ्यानें सुशिक्षित आईबाप आपलें मूल सुताराकडे पाठविण्यास तयार झाले नसते. त्यांस भीति असते ती निराळीच. 'एकदां हातोडा धरला म्हणजे जन्मभर हातोडाच,' ही ती भीति. तीहि तेथें होती, आणि ती घालविण्याकरितां तेथील लोकांनीं भाषणें न करतां रस्ते बांधले. १९९४ पासून हुशार उमेदवारास उमेदवारीबरोबरच किंवा ती संपल्यावर 'धंद्याची मॅट्रिक' म्हणतां येईल अशी परीक्षा देतां येते. ती उत्तीर्ण झालेल्यास उपयोजित विषयांच्या उच्च विद्यालयांत प्रवेश मिळतो. हीं विद्यालयें त्याच दशकांत उभीं राहिलीं आणि तीं पदवी देतात. ज्यास त्याहि पुढें जुन्या विद्यापीठांतच जावयाचें असेल त्यास आणखी एक जोडपरीक्षा देऊन तेथेंहि जातां येतें. आणि ज्यास पदवी नकोच, त्यास आपल्या धंद्यांतच वरची सरकारमान्य परीक्षा देऊन उस्ताद होतां येतें. पंधराव्या वर्षीं घेतलेला निर्णय जन्मठेप ठरूं नये, एवढी काळजी त्यांनीं घेतली.

ह्या रस्त्यांवरून माणसें खरोखर कोठवर जातात याचीं उदाहरणें तेथें सर्वांस ठाऊक आहेत. विली रिचार्ड हा घरें उबदार ठेवणाऱ्या नळ्या बसविणारा कारागीर होता. थंडीच्या देशांत तो धंदा आपल्या प्लंबरासारखाच घरोघर लागणारा. तो १९७४ सालीं देशाच्या सात जणांच्या मंत्रिमंडळांत बसला, आणि १९७८ सालीं राष्ट्राध्यक्ष झाला. सेर्जो एर्मोत्ति यानें लुगानो येथील एका बँकेंत उमेदवारी केली, आणि २०११ सालीं तो यूबीएस या प्रचंड बँकेचा प्रमुख झाला. अशीं माणसें थोडींच असणार, हें आम्हांस मान्य आहे. परंतु शेजारच्या घरांतील बाईस आपल्या मुलाच्या उमेदवारीची लाज वाटेनाशी होण्यास तेवढीं थोडीं पुरतात.

याहून नवलाची गोष्ट २००६ सालची. त्या वर्षीं २१ मे रोजीं शिक्षणविषयक नव्या घटनाकलमांवर लोकमत घेण्यांत आलें आणि शेंकडा ८५ हून अधिक मतें अनुकूल पडलीं. त्यांतील एका कलमानें असें ठरविलें कीं, पुस्तकी शिक्षणाचा मार्ग आणि धंद्याच्या शिक्षणाचा मार्ग यांस समाजांत सारखाच मान मिळेल असा प्रयत्न संघराज्यानें व कँटनांनीं करावा. मान ही वस्तु कायद्यानें निर्माण होत नाहीं, हें कोणीहि सांगेल. पण राज्यघटनेंत ती लिहिण्याची इच्छा ज्या राष्ट्रास झाली, त्यानें आधींची शंभर वर्षें कांहीं केलें होतें म्हणूनच ती झाली.

ह्या चित्रास काळी बाजूहि आहे, आणि ती झांकणें बरें नव्हे. चौदाव्या वर्षीं धंदा निवडणें हें कोवळ्या मनास जड जातें. सुमारें पांचांपैकीं एक करार मुदतीपूर्वींच मोडतो, जरी त्यांतील बहुतेक मुलें दुसरीकडे पुन्हा सुरुवात करतात. मुली शुश्रूषेकडे आणि दंतवैद्याच्या मदतनिशीकडे, मुलगे मोटारी आणि विजेकडे, ही जुनी विभागणी अजून फारशी मोडलेली नाहीं. परकी नांवाच्या मुलास करार मिळविण्यास अधिक अर्ज करावे लागतात, अशी तक्रार तेथील संशोधकांनींच पुढें आणली आहे. फ्रेंच आणि इटालियन भाषा बोलणाऱ्या कँटनांत गिम्नाझियमचा ओढा जर्मन भागापेक्षां पुष्कळ अधिक आहे. म्हणजे मानाची वांटणी त्या देशांतहि सर्वत्र सारखी नाहीं. शिवाय झूरिकसारख्या ठिकाणीं गिम्नाझियमची प्रवेशपरीक्षा असते, आणि पैसेवाले आईबाप त्या परीक्षेकरितां मुलांस खासगी शिकवण्या लावतात. हें वाचून आमच्या पुण्या-मुंबईच्या वाचकांस परकेपणा वाटणार नाहीं.

संगणकाच्या आणि औषधांच्या धंद्यानिमित्त झूरिक व बाझल येथें गेलेल्या मराठी कुटुंबांपुढें हा प्रश्न प्रत्यक्षच येऊन उभा राहतो. 'आपलें मूल उमेदवारीस चांगलें आहे,' असें शिक्षकानें सांगितलें तर तिकडील पालक त्यांत वावगें मानीत नाहींत. आपल्याकडून गेलेल्या पदवीधर आईबापांस मात्र तें ऐकून धक्का बसला तर त्यांत नवल नाहीं. त्यांच्या पाठीशीं निराळा अनुभव असतो. ज्या देशांतून ते गेले तेथें पदवीनेंच घर वर आलें, आणि हातानें काम करणारा खालीं राहिला. ती समजूत नुसत्या उपदेशानें जाणारी नव्हे.

कारण आपल्या देशांत उपदेश कमी झालेला नाहीं. १८५४ च्या वुडच्या खलित्यांत उपयुक्त आणि व्यावहारिक ज्ञानाची भाषा होती. १९३७ सालीं वर्ध्यास गांधीजींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण ही कल्पना मांडली. १९६४ ते १९६६ या काळांत काम करणाऱ्या कोठारी आयोगानें माध्यमिक शिक्षणास धंद्याची जोड द्यावी असें आग्रहानें सांगितलें. १९८८ पासून उच्च माध्यमिक वर्गांत धंदेशिक्षण घालण्याची केंद्र सरकारची योजना आली, आणि महाराष्ट्रांत 'किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम' या नांवानें असे वर्ग चालले. एवढें होऊनहि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणास असें लिहावें लागलें कीं, बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजाप्रमाणें १९ ते २४ वर्षांच्या वयांतील काम करणाऱ्यांपैकीं शेंकडा पांचांहूनहि कमी लोकांना रीतसर धंदेशिक्षण मिळालें होतें. त्याच धोरणांत दुसऱ्या देशांचे आंकडेहि दिले आहेत. जर्मनीचा शेंकडा ७५ आणि दक्षिण कोरियाचा शेंकडा ९६.

बुद्धीचा किंवा पैशाचा अभाव हें याचें मुख्य कारण नव्हे, असें आम्हांस वाटतें. आपण शाळेंत कर्मशाळा घातली, पण कारखानदारास शाळेंत आणलें नाहीं. अभ्यासक्रम कचेरींत तयार झाला; ज्या यंत्रावर मुलगा शिकला तें बाहेर केव्हांच मोडींत निघालें होतें. प्रमाणपत्र दिलें, पण त्या प्रमाणपत्रावरून पुढें चढण्याचा जिना उशिरां आणि अर्धवट बांधला. आणि ह्या सर्वांच्या मागें आपल्या समाजाची जुनी खोड होतीच. पोथी एका जातीकडे आणि हत्यार दुसऱ्या जातीकडे, अशी वांटणी ज्यांनीं शतकानुशतकें केली, त्यांत आमच्यासारख्यांचीं घरें पुढें होतीं. स्वित्झर्लंडांत बँकेच्या मुलास आणि लोहाराच्या मुलास एक कायदा लागू करणें सोपें गेलें असेल; आपणांस तें अवघड आहे, त्याचें निम्में कारण कोणत्याहि मंत्र्याच्या दप्तरांत सांपडावयाचें नाहीं. बेळगांवास सायकलींचें दुकान काढून पुढें लोखंडी नांगर करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचें आपण कौतुक करतों, पण अपवाद म्हणूनच करतों. मुलानें तेंच करावयाचें म्हटलें तर किती घरांत होकार मिळेल?

कायद्याकडे पाहिलें तर आपल्याकडेहि १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. स्विस रीतीहून तो एका गोष्टींत उलटा आहे. तेथें उमेदवारीचा करार हाच नोकरीचा एक प्रकार. येथें उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे, असें कायदा स्पष्टच म्हणतो. तिकडे उमेदवार घेणें मालकाच्या खुशीचें. आपल्याकडे २०१९ च्या नियमांप्रमाणें ३० किंवा अधिक माणसें असलेल्या आस्थापनेवर कांहीं उमेदवार घेण्याचें बंधन आहे. सक्ती आपल्याकडे आहे, आणि उमेदवार तिकडे आहेत.

ज्यांच्या घरीं यंदा दहावीचें मूल असून त्याचा ओढा यंत्राकडे आहे, त्यांच्याकरितां एवढें सांगून ठेवतों कीं, येथील वाटाहि पूर्वींसारख्या बंद राहिलेल्या नाहींत. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पुरा केलेल्यास महाराष्ट्रांत तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या एकदम दुसऱ्या वर्षांत प्रवेश मागतां येतो, आणि पदविका चांगल्या रीतीनें उत्तीर्ण झाल्यास तेथून अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षांत. जागा गुणानुक्रमें भरल्या जातात. प्रवेशाच्या तारखा दहावीच्या निकालानंतर लवकरच येतात. कोणत्या धंद्यांत जागा किती आहेत आणि जवळपासचा कोणता कारखाना उमेदवार घेतो, हें त्याच सुमारास संस्थेंत प्रत्यक्ष जाऊन विचारावें, आणि मुलास बरोबर न्यावें.